वास्तुकलेची पदवी आणि घरचा ताळेबंद

गेल्या पंधरवड्यात आमच्या महाविद्यालयाच्या कचेरीतील मुख्य लिपिक, ज्यांना आम्ही सारे भाऊसाहेब म्हणतो, तास संपल्यावर प्राध्यापक-कक्षात येऊन बसले. त्यांच्या हातात एका खाजगी वास्तुकला महाविद्यालयाची गुळगुळीत माहितीपुस्तिका होती, आणि एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर, भविष्यनिर्वाह निधीतून किती रक्कम उचलता येईल, याचा हिशेब पेन्सिलीने मांडलेला होता. “सर, मुलीला आर्किटेक्ट व्हायचं आहे. गणित चांगलं आहे, चित्रकलेचा हातही आहे. पाच वर्षं घालावीत का, एवढं तुम्ही सांगा. तुम्ही अर्थशास्त्राचे.”

मी त्या वेळी काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. नंतर मात्र त्या प्रश्नाने माझी पाठ सोडली नाही. कारण तो एकट्या भाऊसाहेबांचा नव्हे. पगारावर जगणाऱ्या हजारो घरांत प्रवेशाच्या हंगामात तो विचारला जातो, आणि ज्यांनी त्याचे उत्तर द्यावयाचे, ती महाविद्यालये, ती वास्तुकला परिषद आणि ते शासन यांपैकी कोणाकडूनही पालकाला सरळ उत्तर मिळत नाही. मुलामुलींचा कल, त्यांची बुद्धी यांविषयी पुष्कळ बोलले जाते. पण पाच वर्षांच्या या गुंतवणुकीतून विकत काय घेतले जाते आणि त्या वस्तूला गिऱ्हाईक कोण, याविषयी सर्वत्र सोयीस्कर मौन असते.

मराठीत तर या विषयाच्या नावापासूनच घोटाळ्याला प्रारंभ होतो. ‘स्थापत्य’ हा जुना, भारदस्त शब्द आपण सिव्हिल इंजिनिअरिंगला देऊन टाकला. आर्किटेक्चरला ‘वास्तुकला’ म्हटले. सरकारी खात्याने आर्किटेक्टला ‘वास्तुशास्त्रज्ञ’ केले. आणि ‘वास्तुशास्त्र’ म्हटले की सामान्य माणसाला स्वयंपाकघर आग्नेयेस आहे की नाही, हे सांगणारे गृहस्थ आठवतात. या दोहोंच्या मध्ये एक तिसरा विषय आहे. इमारतीचा सांगाडा, तिच्यातील हवा, उजेड, पाणी, वीज, आगीपासूनचा बचाव, या साऱ्यांचा विचार इमारत कागदावर असतानाच करणारे शास्त्र, म्हणजे वास्तू-अभियांत्रिकी. अमेरिकेत पेन स्टेटसारख्या विद्यापीठात त्याची पाच वर्षांची स्वतंत्र पदवी आहे. आपल्याकडे त्याला रुळलेले नावही नाही, कारण पदवीच्या पातळीवर तो विषय जवळजवळ शिकविलाच जात नाही. दिल्लीच्या नियोजन व वास्तुकला विद्यालयात इमारत अभियांत्रिकीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे खरा. परंतु बारावीच्या उंबरठ्यावरील मुलाला किंवा मुलीला ‘इकडे की तिकडे’ एवढीच निवड करावयास सांगितले जाते.

जन्मापासूनची फारकत

ही फारकत जुनी आहे आणि ती कोणी विचारपूर्वक केली, असेही नाही. रुरकीचे अभियांत्रिकी महाविद्यालय १८४७ मध्ये निघाले आणि पुण्यातील अभियांत्रिकीचा वर्ग १८५४ मध्ये. दोन्हींचा हेतू एकच : सरकारच्या बांधकाम खात्याला कालवे, रस्ते आणि पूल बांधण्यासाठी दुय्यम माणसे हवी होती. वास्तुकलेचा उगम आपल्याकडे झाला तो चित्रकलेच्या शाळेत. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत १८९६ मध्ये आरेखकांचा एक वर्ग सुरू झाला, तोही साहेबांच्या कचेऱ्यांना नकाशे काढणारे हात मिळावेत म्हणून. पुढे त्या वर्गाचेच वाढत वाढत वास्तुकला महाविद्यालय झाले. म्हणजे एक विद्या सरकारी खात्याच्या ओसरीवर वाढली, दुसरी कलाशाळेच्या सज्जात. पन्नासच्या दशकात खरगपूरच्या आयआयटीत वास्तुकलेचा विभाग अभियांत्रिकीच्या शेजारी बसविला गेला, तेव्हा या दोन विद्यांची सोयरीक होईल, असे वाटले होते. ती झाली ती थोड्या ठिकाणी.

परिणाम असा, की वास्तुकलेचा विद्यार्थी दहा सत्रे आरेखनाच्या मेजावर रात्री जागवितो, संरचनाशास्त्राचे पेपर जेमतेम उत्तीर्ण होण्यापुरते पाहतो, आणि तुळई किती जाड हवी, हे ‘स्ट्रक्चरलवाले बघतील’ म्हणून सोडून देतो. स्थापत्य अभियंत्याला तुळईची जाडी काढता येते; परंतु त्या तुळईखाली कोण राहणार, कोणत्या बाजूने ऊन येणार, म्हातारी माणसे जिना कसा चढणार, हे त्याला चार वर्षांत कोणी विचारीत नाही. ही तक्रार मी बाहेरचा माणूस म्हणून करीत आहे, आणि दोन्ही बाजूंच्या प्राध्यापकमित्रांनी ती माझ्यापाशी खाजगीत मान्य केलेली आहे.

कायदा काय राखतो?

आता पदवीच्या किमतीकडे वळू. संसदेने १९७२ मध्ये वास्तुविशारद अधिनियम केला आणि वास्तुकला परिषद स्थापन झाली. परिषदेकडे नोंदणी असल्याखेरीज कोणालाही स्वतःला ‘आर्किटेक्ट’ म्हणवून घेता येत नाही. शिक्षणाची मानकेही परिषदच ठरविते. कोल्हापूरच्या एका वास्तुकला महाविद्यालयाच्या प्रकरणात नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, वास्तुकलेच्या शिक्षणाबाबत अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेपेक्षा वास्तुकला परिषदेचा शब्द अखेरचा, असा निर्वाळा दिला. इथपर्यंत सारे ठीक.

परंतु या कायद्याची मेख निराळ्याच ठिकाणी आहे. मार्च २०२० मध्ये, नोएडा प्राधिकरणातील एका पदाच्या वादातून, सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्धपणे सांगितले, की हा कायदा ‘आर्किटेक्ट’ या नामाभिधानाला संरक्षण देतो, व्यवसायाला देत नाही. नोंदणी नसलेल्याला ते नाव असलेल्या पदावर नेमता येणार नाही. मात्र वास्तुरचनेचे काम तो करू शकतो. डॉक्टरकीची किंवा वकिलीची गोष्ट अशी नाही. आपल्या राज्यातही २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार वास्तुविशारदाप्रमाणेच परवानाधारक अभियंत्याला, आणि लहान कामांपुरते परवानाधारक पर्यवेक्षकालाही, नकाशे दाखल करता येतात. भाऊसाहेब पाच वर्षांचे शुल्क भरून मुलीसाठी जे घेणार आहेत, त्यातील कायद्याने राखलेला भाग एका शब्दापुरता आहे.

ब्रिटनमध्येही कायदा नावालाच संरक्षण देतो, आणि तेथे वास्तुविशारदांची प्रतिष्ठा कमी नाही, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. तथापि नावाला बाजारात किंमत केव्हा येते, याचा विचार केला पाहिजे. जॉर्ज ॲकर्लॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले, की माल कसा आहे, हे विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला ठाऊक नाही, अशी स्थिती असेल, तर चांगला माल बाजारातून उठून जातो. पदवी, परवाना, नोंदणी या गोष्टींचा उपयोग घेणाऱ्याला चांगल्या मालाची खूण पटविण्यासाठी असतो. पण आपल्याकडे सदनिका घेणारा गृहस्थ वास्तुविशारद नेमीतच नाही. तो नेमतो बिल्डर. गृहस्थाला माहितीपत्रकात छापलेले नाव दिसते, एवढेच. ज्याला खुणेची गरज, त्याच्या हाती निवड नाही, आणि ज्याच्या हाती निवड, त्याला खुणेपेक्षा मंजुरी लवकर आणून देणारी सही अधिक मोलाची वाटते. मग बाजार कसबाऐवजी सहीला भाव देऊ लागला, तर त्यात नवल नाही.

२०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, म्हणजे ‘रेरा’ने, या सहीला अधिक वजन आणले. ग्राहकांच्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी लागते, आणि ती काढताना वास्तुविशारद, अभियंता व सनदी लेखापाल या तिघांची प्रमाणपत्रे लागतात. लहान भूखंडांवरील परवानग्यांतही आता बराचसा भार परवानाधारकाच्या दाखल्यावर टाकलेला आहे. ही सुधारणा चांगली आहे. पण मालकाच्या पगारावर असलेल्या तरुणाला मालकाच्याच कामावर ‘अमुक टक्के काम झाले नाही’ असे लिहून देण्याचे धैर्य कोठून येणार?

पदवीनंतर काय?

आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या विज्ञान शाखेतून वास्तुकलेकडे गेलेले काही विद्यार्थी अधूनमधून भेटतात. त्यांच्या बोलण्यातून जे चित्र उभे राहते, ते थोडक्यात असे. चौथ्या-पाचव्या वर्षी एखाद्या कार्यालयात व्यावहारिक प्रशिक्षण सक्तीचे असते. त्याचे विद्यावेतन कोठे नाममात्र, कोठे मुळीच नाही, आणि मोठ्या शहरातील खोलीचे भाडे मात्र पुरेपूर. पदवीनंतर पुन्हा अशाच कार्यालयात उमेदवारी. कामाचे तास मोजावयाचे नाहीत, असा तेथला शिरस्ता. चार-सहा वर्षांनी ज्याच्या वडिलांचे किंवा मामांचे कार्यालय आहे, तो तेथे जाऊन बसतो. इतरांपैकी काही बिल्डरकडे, काही नकाशे मंजूर करून घेण्याच्या धावपळीत, काही अंतर्गत सजावटीत स्थिरावतात. एकीने मला सांगितले, “सर, मी तीन वर्षांत एकही घर आखलं नाही. महापालिकेचे जिने मात्र पाठ झाले.”

सरकारी नोकरीचा मार्ग अरुंद आहे. स्थापत्य अभियंत्यासाठी सार्वजनिक बांधकाम, जलसंपदा, जिल्हा परिषदा, जीवन प्राधिकरण, नगरपालिका अशी पदांची एक लांब शिडी आहे. केंद्राच्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेत त्याला जागा आहे, वास्तुविशारदाला नाही. वास्तुविशारदासाठी राज्यात मुख्य वास्तुशास्त्रज्ञांचे कार्यालय आहे, केंद्रीय बांधकाम खात्यात काही पदे आहेत, आणि नगररचना विभागाच्या सहायक नगररचनाकार पदाला वास्तुकलेची पदवी चालते; परंतु तेथेही स्पर्धा अभियंत्यांशीच. नगरपरिषदेच्या आस्थापनेत वास्तुविशारदाला स्वतंत्र जागा जवळजवळ नाही. तालुक्याच्या गावात बाजारपेठ, शाळा, बसस्थानक, नाट्यगृह यांवर कोट्यवधी रुपये खर्च होतात, आणि ते कसे दिसावेत, कसे वापरले जावेत, हे पाहणारा एकही प्रशिक्षित माणूस त्या नगराच्या नोकरीत नसतो. आपली लहान शहरे एकसारखी विद्रूप का होत चालली आहेत, याचे निदान एवढ्या एका वाक्यात बरेचसे येते.

या व्यवसायाची शिखरे मात्र उंच आहेत, आणि माहितीपुस्तिकांत शिखरांचीच छायाचित्रे असतात. कोकणातील आचऱ्याचे अच्युत कानविंदे जे. जे. मधून हार्वर्डला गेले आणि परत येऊन त्यांनी कानपूरच्या आयआयटीचा परिसर रचला. पुण्यात १९२७ मध्ये जन्मलेल्या बाळकृष्ण दोशींना २०१८ मध्ये प्रित्झ्कर पारितोषिक मिळाले. चार्ल्स कोरिया यांचे नाव मुंबईकरांना सांगावयास नको. अर्थशास्त्रात शर्विन रोझेन यांचा १९८१ मधील एक प्रसिद्ध निबंध आहे : काही व्यवसायांत गुणवत्तेतील थोड्याशा फरकाने मिळकतीत प्रचंड फरक पडतो, मोजके लोक मैदान मारून नेतात आणि उरलेल्यांना पोटापुरते मिळते. गाणे-बजावणे, खेळ यांची ही गोष्ट. वास्तुकलाही बहुतांशी त्यांत मोडते. त्यात आणखी एक भर अशी, की येथे नावारूपास येण्यास उशीर लागतो. पहिले स्वतंत्र काम मिळेपर्यंत जो दहा वर्षे थांबू शकतो, त्यालाच तेथवर पोहोचता येते. थांबण्याचे हे भांडवल पगारदार घराकडे क्वचित असते.

देशात आज वास्तुकलेची चारशेहून अधिक महाविद्यालये आहेत आणि नोंदणीकृत वास्तुविशारदांची संख्या लाखावर गेली आहे. महाराष्ट्रात प्रतिवर्षी जागा रिकाम्या राहतात. खाजगी महाविद्यालयाचे वार्षिक शुल्क लाखाच्या घरात किंवा त्याच्या पुढे, वर साहित्य, संगणक, अभ्याससहली, वसतिगृह. राज्य शासनाने २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क पूर्ण माफ केले, ही मोठी सवलत आहे. परंतु दोन्ही पगार धरून भाऊसाहेबांचे उत्पन्न त्या मर्यादेच्या जेमतेम बाहेर जाते. मध्यमवर्गाचे हे नेहमीचे दुर्दैव, ते असो.

किल्लारी आणि अहमदाबाद

इथपर्यंत एका घराच्या ताळेबंदाची गोष्ट झाली. पण इमारत पडते, तेव्हा तिच्यात दुसऱ्यांची घरे असतात, आणि म्हणून या शिक्षणातील फारकत हा केवळ काही हजार विद्यार्थ्यांच्या नोकरीचा प्रश्न राहत नाही. आपल्या स्मरणातील दोन भूकंपांनी तो वेगवेगळ्या बाजूंनी दाखविला आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरात गावेच्या गावे झोपेत गाडली गेली. मृतांचा आकडा आठ हजारांच्या आसपास वा त्याहून अधिक सांगितला जातो. मारले ते मातीत बांधलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि माळवदाच्या ओझ्याने. नंतर पन्नासवर गावे नव्या जागी हलविण्यात आली. नवी घरे भूकंपात टिकतील अशी झाली, हे अभियंत्यांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण गावे आखली गेली ती शहरी वसाहतीसारखी : सरळ रुंद रस्ते, एका ओळीत एकसारखी घरे. भावकी जवळ राहण्याची रीत, दारातले जनावर, कडब्याची गंज, बायकांना आडोसा देणारे अंगण यांना त्या आराखड्यात जागा उरली नाही. पुढे लोकांनी आपापल्या परीने भिंती घालून, छपऱ्या काढून, पुन्हा दगड-मातीचे बांधकाम जोडून ते दुरुस्त केले. म्हणजे ज्या भिंतीने मारले, तिचीच धाकटी बहीण पुन्हा दारात उभी राहिली. राहणाऱ्याचा विचार न केलेले अभियांत्रिकीचे काम अखेर अभियांत्रिकीच्याच मुळावर येते, ते असे.

२६ जानेवारी २००१ च्या भूकंपाचा केंद्रबिंदू कच्छमध्ये होता. त्यापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत सिमेंट-काँक्रीटच्या बहुमजली इमारती कोसळून शेकडो माणसे मेली. त्यांतील पुष्कळ इमारती एकाच पद्धतीच्या होत्या : तळमजल्यावर मोटारींसाठी मोकळी जागा, केवळ खांब, वरच्या मजल्यांवर भिंती. भिंतींमुळे वरचा भाग एका ताठ पेटीसारखा होतो. जमीन हलली, की सारे झुलणे खालच्या खांबांच्या वाट्याला येते, आणि तेथे भिंतींचा आधार नसल्याने खांबच वाकतात. याला ‘मऊ मजला’ म्हणतात. ही चूक गणिताची म्हणावी, तर ती नकाशातच होती. नकाशाची म्हणावी, तर गणित करणाऱ्याने ती पाहून सही केली होती. आणि तिच्यामागे आणखी एक हात होता, ज्याकडे अर्थशास्त्राच्या शिक्षकाचे लक्ष जाणे स्वाभाविक आहे. तळमजल्यावरील मोकळी वाहनजागा चटईक्षेत्रात मोजली जात नाही. म्हणून ती बांधणे फायद्याचे. नियमानेच खांबांवर उभी घरे बांधावयास प्रोत्साहन दिले, आणि त्या घरांतील धोका नकाशा काढणारा व हिशेब करणारा या दोघांच्या मधल्या फटीतून निसटला. भूकंपविषयक भारतीय मानकात २००२ मध्ये अशा मजल्यासाठी अधिक बळकटीची तरतूद झाली. तरीही आपल्या जिल्ह्याच्या गावातून संध्याकाळी फेरफटका मारला, तर खांबांवरची किती घरे दिसतात, ते वाचकांनी स्वतःच मोजावे. त्यांपैकी कोणत्या घराचे खांब त्या तरतुदीप्रमाणे आहेत, हे रस्त्यावरून कळत नाही, आणि आत राहणाऱ्यालाही ते ठाऊक नसते.

दोन्ही विद्या एकत्र आल्या तर काय होते, याची साक्षही आपल्यापाशी होती. दिल्लीच्या प्रगती मैदानावर १९७२ च्या प्रदर्शनासाठी वास्तुविशारद राज रेवाल आणि संरचना-अभियंता महेंद्र राज यांनी ‘हॉल ऑफ नेशन्स’ उभा केला. जगात असा त्रिमितीय सांगाडा पोलादाचा करतात. आपल्याकडे पोलाद महाग आणि मजूर पुष्कळ, म्हणून त्यांनी तो जागेवर हाताने ओतलेल्या काँक्रीटचा केला. साधनांच्या टंचाईतून निघालेले इतके नेटके उत्तर अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातही सापडत नाही. एप्रिल २०१७ मध्ये तो एका रात्रीत पाडून टाकण्यात आला.

काम आहे, पण कोठे?

मग या क्षेत्रात काम नाही का? भरपूर आहे. फक्त ते बहुतेक दोन विद्यांच्या सांध्यावर आहे, जेथे कोणीच शिकून येत नाही. मुंबई महापालिका अधिनियमाच्या ३५३-ब कलमानुसार तीस वर्षांवरील इमारतींची संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. मुंबई-पुण्यातील साठ-सत्तरच्या दशकांत उभ्या राहिलेल्या सोसायट्या आज त्या वयाच्या पुष्कळ पुढे गेल्या आहेत. पुनर्विकासासाठी ४ जुलै २०१९ च्या शासननिर्णयात वास्तुविशारद किंवा प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार नेमण्याची पद्धत घालून दिलेली आहे. सोसायटीच्या सभेत बसलेल्या वाचकांना ठाऊक असेल, की तेथे सभासदांना नकाशाही समजावून सांगणारा आणि गळणाऱ्या तुळईचे खरे दुखणेही सांगणारा असा एक माणूस मिळणे किती कठीण असते. व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन संहिता २००७ मध्ये आली, २०१७ मध्ये सुधारली गेली. निवासी इमारतींसाठी २०१८ मध्ये स्वतंत्र संहिता झाली. उन्हाळ्यात वरच्या मजल्यावरच्या खोलीत ज्यांनी दुपार काढली आहे, त्यांना या संहितांचे महत्त्व निराळे पटवून द्यावयास नको. मुंबईची व्हिक्टोरियन व आर्ट डेको वास्तुसमूह म्हणून २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत नोंद झाली. त्या इमारतींची दुरुस्ती करू जाणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी.

या कामांना मोबदला मात्र वाकड्या रीतीने मिळतो. वास्तुविशारदाचे शुल्क प्रथेप्रमाणे बांधकामाच्या खर्चावर शेकडा इतके, असे ठरते. म्हणजे जो कल्पकतेने खर्च वाचवील, त्याची मिळकत तितकीच घटणार. तिरुवनंतपुरमला के. एन. राज यांनी स्थापन केलेल्या विकास अध्ययन केंद्राचा परिसर लॉरी बेकर यांनी रचला. भिंतीच्या आत पोकळी ठेवणारी विटांची रचना करून ते सुमारे चतुर्थांश विटा वाचवीत. अर्थशास्त्रज्ञांनी निदान स्वतःच्या इमारतीपुरते काटकसरीला काम दिले, याचा मला व्यवसायबंधू म्हणून अभिमान वाटतो. परंतु टक्केवारीच्या शुल्कावर जगणाऱ्या पंचविशीतल्या तरुणाला ‘बेकर हो’ असे सांगणे म्हणजे त्याला स्वतःच्या पगारातून कपात करून घे, असे सांगणेच होय. निदान सरकारी व सहकारी कामांत तरी शुल्क ठोक रकमेने ठरावे, आणि वाचविलेल्या खर्चाचा काही अंश आराखडा करणाऱ्याला मिळावा. हे कायदा न बदलताही करता येण्याजोगे आहे.

शिक्षणात काय करता येईल, याविषयी माझी अपेक्षा माफक आहे. नवीन पदवीचे नाव काढून चार नव्या खाजगी संस्थांना आणखी एक दुकान उघडून देण्याची मुळीच गरज नाही. ज्या शहरात वास्तुकलेचे व स्थापत्य अभियांत्रिकीचे महाविद्यालय अशी दोन्ही आहेत, आणि आपल्या राज्यात अशी शहरे पुष्कळ आहेत, तेथे शेवटच्या वर्षाचा एक प्रकल्प दोघांनी मिळून करावा; एकाच इमारतीवर, एकाच परीक्षकापुढे. एका विद्यापीठाच्या छत्राखाली असूनही त्यांची वेळापत्रके जुळत नाहीत, ही अडचण मला सांगण्यात आली. वेळापत्रक ही प्राध्यापकांनी तयार केलेली वस्तू आहे, एवढेच मी तिला उत्तर देईन. दुसरी गोष्ट परिषदेची. महाविद्यालयाला मान्यता देताना ती वर्गखोल्यांचे चौरस मीटर आणि ग्रंथालयातील पुस्तके मोजते. त्याच वेळी पाच वर्षांपूर्वी उत्तीर्ण झालेले विद्यार्थी आज कोठे आहेत आणि काय कमावतात, याचा तक्ता तिने का मागू नये? बँक कर्ज देताना भाऊसाहेबांकडून पगाराची चिठ्ठी घेते. भाऊसाहेबांनी महाविद्यालयाकडून काही मागावयाचे नाही, हा कोठला न्याय?

परवा ते पुन्हा भेटले. मी त्यांना सांगितले, की मुलीला खरोखरच इमारतींची ओढ असेल, तर तिला अडवू नका. मात्र प्रवेश शक्यतो शासकीय वा अनुदानित महाविद्यालयात मिळेल, अशा गुणांसाठी आणखी एक वर्ष गेले तरी चालेल. स्थापत्य अभियांत्रिकीचा अर्जही भरून ठेवा, कारण तेथून पदव्युत्तर शिक्षणाने इमारतींकडे वळता येते. आणि माहितीपुस्तिकेतील महाविद्यालयात जाऊन जुन्या विद्यार्थ्यांची यादी मागा. त्यांनी ती मागितली होती. कार्यालयातील बाईंनी त्यांना पुस्तिकेचीच दुसरी प्रत दिली आणि प्राचार्य सोमवारी भेटतील, असे सांगितले. भाऊसाहेबांनी सोमवारची नैमित्तिक रजा टाकली आहे.